लिनक्स मिंट, नऊ महिन्यांनंतर: सगळं सुरळीत झालं, मग पुढे काय?

सोलापुरात आमचं टॉवेल-चादरींचं छोटं दुकान आहे. दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालणार नव्हतं आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. प्रिंटर, वायफाय, इनस्क्रिप्ट कीबोर्डवरचं मराठी टायपिंग, लिब्रेऑफिसमधली बिलं हे सगळं पहिल्याच महिन्यात मार्गी लागलं. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही.

सगळं चालायला लागलं की हात शिवशिवतात. मीही थीम बदलल्या, पेनड्राइव्हवरून फेडोरा पाहिलं, मांजारो पाहिलं, म्हणजे लिनक्सचे दुसरे अवतार, ज्यांना डिस्ट्रो म्हणतात. दोन आठवडे गेले, पण दुकानाचं एकही काम हलकं झालं नाही. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: नवं डिस्ट्रो शोधत बसू नका, रोजच्या ज्या कामाचा कंटाळा येतो ते टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, करून बघा.

माझं तसलं काम म्हणजे फोटो. प्रत्येक नव्या डिझाइनचे वीस-तीस फोटो, गिऱ्हाइकांना पाठवण्याआधी एकेक करून लहान करायचे. इमेजमॅजिक या फोटोंवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका ओळीत आता अख्खा फोल्डर होतो. फक्त सांभाळा, त्यातली मॉग्रिफाय ही कमांड मूळ फाइलवरच लिहिते. वेगळ्या फोल्डरचा पाथ दिला नाही तर मोठा फोटो गेलाच.

ती ओळ मी फाइलमध्ये जपून ठेवली, तीच माझी पहिली स्क्रिप्ट, म्हणजे हवी तेव्हा पुन्हा चालवता येणाऱ्या कमांडची फाइल. आप्पांनी तरुणपणी जकार्ड मागावर काम केलंय. त्यांना दाखवली तर म्हणाले, "ही पुठ्ठ्याची कार्डंच की रे. भोकं नीट पाडली की माग तीच नक्षी काढत राहतो. पण एक भोक चुकलं तर ती चूकही प्रत्येक चादरीत येते."

बॅकअपच्या वेळी ते वाक्य फार आठवलं. मिंटमधलं टाइमशिफ्ट हे बॅकअपचं साधन लावलंय म्हणजे सगळं सुरक्षित, असं मी धरून चाललो होतो. एका दुपारी माझ्या हातून फोटोंचा फोल्डर पुसला गेला आणि टाइमशिफ्टमध्ये तो सापडेना. टाइमशिफ्ट सिस्टिमच्या फाइल जपतं. आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय होम फोल्डरमधलं आपलं काम त्यात येत नाही. काही फोटो गिऱ्हाइकांकडून परत मागवले, बाकीचे गेले.

मग आरसिंक ही फाइल कॉपी करायची कमांड शिकलो. पहिल्यांदा पूर्ण कॉपी, नंतर फक्त बदललेलं तेवढंच बाहेरच्या डिस्कवर जातं. त्यातला डिलीट पर्याय वापरलात तर इथलं पुसलेलं तिथलंही पुसलं जातं, म्हणून आधी ड्राय-रन, म्हणजे काहीही न बदलणारी रंगीत तालीम, करून काय होणार ते वाचा. हे रोज रात्री साडेनऊला क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीवर, लावलं होतं. पण वीज गेली किंवा लॅपटॉप लवकर बंद केला की त्या दिवशीचा बॅकअप राहायचा, कारण चुकलेली वेळ क्रॉन नंतर भरून काढत नाही. आता त्याऐवजी लिनक्समधलाच सिस्टिमडी टायमर आहे, त्यातला परसिस्टंट हा पर्याय चालू करून. राहिलेलं काम मशीन सुरू झाल्यावर होतं. महिन्यातून एकदा डिस्कवरचा एखादा फोल्डर परत आणून उघडूनही बघतो.

सध्या सांबा, म्हणजे नेटवर्कवरून फाइल शेअर करायचा प्रोग्रॅम, याबद्दल वाचतोय. घरी पडून असलेल्या डेस्कटॉपवर सगळ्या डिझाइनचे फोटो ठेवायचे आहेत, म्हणजे आप्पांना ते मोबाइलवर बघता येतील. जुन्या नक्षींची नावं त्यांनाच ठाऊक आहेत, आणि ती फाइलांना मराठीतच द्यायचीत.