मोडेम माझा, भाडं त्यांचं

महिना 15 डॉलर, 14 महिने, एकूण 210 डॉलर. मोडेमचं भाडं! आणि घरात चालू असलेला मोडेम कोणाचा? माझा, 179 डॉलर रोख मोजून घेतलेला. अमेरिकेत केबलचं इंटरनेट घेणाऱ्याला हे भाडं नवं नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

स्वतःचा मोडेम चालू करून घ्यायला कंपनीला फोन करावा लागतो, आणि त्यात मोडेमखालच्या लेबलवरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे उपकरणाचा ओळख-क्रमांक, द्यावा लागतो. लेबलवर दोन-तीन असतात. 'सीएम मॅक' (सीएम म्हणजे केबल मोडेम) तोच द्या, वायफायचा दिलात तर लाइन उठत नाही. दहा मिनिटांत नेट सुरू झालं. मग कंपनीची बाई गोड आवाजात म्हणाली, "आमचा जुना भाड्याचा मोडेम-बॉक्स अकाउंटवर राहू दे, अडचण आली तर कामी येईल." मी हो म्हणालो. तिथेच खटकायला हवं होतं! अकाउंटवर बॉक्स म्हणजे भाडं चालू, मग तो कपाटात धूळ खात का पडेना. पण बिल ऑटोपेवर, नेट व्यवस्थित; दर महिन्याला बिलाची ओळन् ओळ कोण वाचतं?

बॉक्स परत देताना पावतीवर सिरीयल नंबर छापून घ्या. माझ्या पावतीवर नुसतं 'एक वस्तू' होतं, म्हणून 'परत न आलेल्या उपकरणाचे' 120 डॉलर वर लागले.

टेलिव्हिजन व्ह्यूअर प्रोटेक्शन ॲक्ट या अमेरिकी कायद्याप्रमाणे ग्राहक स्वतःचं उपकरण वापरत असेल, तर 20 डिसेंबर 2020 पासून त्याच्याकडून त्या उपकरणाचं भाडं घेता येत नाही. हे ऐकवलं तर उत्तर काय? "तुमच्या मोडेमचं नाही सर, आमच्या बॉक्सचं घेतोय."

सरकारी पोर्टलवर तक्रार फुकट करता येते, पण ते पोर्टल म्हणजे निव्वळ पोस्टमन. तक्रार कंपनीकडे जाते, तिला 30 दिवस मिळतात, आणि उत्तर आलं की फाइल बंद. पैसे मिळाले का, हे कोणी विचारत नाही. राज्याच्या खात्यात फोन लावला, तर "आम्ही केबल टीव्ही बघतो, इंटरनेट नाही." अहो, दोन्ही एकाच वायरमधून येतात!

आणि नेट तुटलं की "तुमचा मोडेमच खराब" हे ठरलेलं. ब्राउझरमध्ये 192.168.100.1 हे मोडेमचं स्वतःचं पान उघडा, तिथल्या सिग्नलच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा. डाउनस्ट्रीम (घरात येणाऱ्या सिग्नलची ताकद) उणे 7 ते अधिक 7 च्या बाहेर किंवा अपस्ट्रीम (घरातून जाणाऱ्याची) 50 च्या वर असेल, तर आधी वायर, जोड आणि स्प्लिटर (एका वायरीच्या दोन करणारा तुकडा) तपासायला लावा. घरी केबल कंपनीचीच लँडलाइन असेल तर साधा मोडेम घेऊ नका, फोनची खाच असलेलाच लागतो.

शेवटी कंपनीने 'सदिच्छा म्हणून' तीन महिन्यांचे 45 डॉलर परत केले. 165 गेले ते गेलेच, आणि 120 अजून बिलावर आहेत.