'24 तासांत खत' देणारं यंत्र घेण्याआधी हे वाचा

विक्रेता संध्याकाळी भाजीची देठं, उरलेला भात, चहाचा चोथा यंत्रात टाकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपकिरी, कोरडा भुगा काढून दाखवतो. हाताला चिकटत नाही, दुर्गंधी नाही. सोसायटीची कमिटी खूश होते आणि काही लाखांचा चेक फाटतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. तेव्हापासून या यंत्रांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पुण्यात तर गांडूळखताला मिळणारी मिळकतकराची सवलतही आमिष म्हणून पुढे केली जाते.

तो भुगा नाकाशी धरा. खरपूस, भाजल्यासारखा वास येईल. पिकलेल्या खताला ओल्या मातीचा वास असतो. खत जिवाणू करतात आणि त्यांना 50-60 टक्के ओलावा, हवा आणि किमान 30-45 दिवस लागतात. ढीग आपोआप 55-65 अंशांपर्यंत तापतो. 70 च्या वर बहुतेकांचं काम थांबतं. हीटर लावून रात्रभर सुकवलेल्या मालात ना ओलावा उरतो, ना जिवाणूंना वेळ मिळतो. सोबत 'खास कल्चर'ची, म्हणजे जिवाणूंच्या विरजणाची, पुडी दिली तरी यात फरक पडत नाही. थोडक्यात, तुम्हाला विकलेलं आहे ते वाळवणी यंत्र.

विजेचा हिशेब तर कागदावरच करता येतो. 100 किलो ओल्या कचऱ्यातलं 70 किलो पाणी उडवायचं, तर किलोमागे सुमारे 0.7 युनिट, म्हणजे रोज 50 युनिट लागणारच. उष्णता वाया जाते ती वेगळी. युनिटला 10 रुपये धरले तरी महिन्याला 15,000 रुपये. 'रोज 15-20 युनिट' असं सांगणारा एकतर खोटं बोलतोय किंवा कचरा नीट सुकतही नाही. पर्यावरणासाठी म्हणून घेतलेलं यंत्र रोज इतकी वीज खात असेल, तर मूळ हेतूच हरतो.

खरं नुकसान पावसाळ्यात दिसतं. कुंडीत घातलेला भुगा भिजला की तिथेच कुजू लागतो, पांढरी बुरशी धरते, अळ्या होतात, मुळांशी उष्णता वाढते. शिजलेल्या अन्नातलं मीठ आणि तेल तर त्यात तसंच राहिलेलं असतं.

प्रयोगशाळेच्या अहवालालाही भुलू नका. त्यात नत्र, स्फुरद, पालाश उत्तम दिसतात, कारण वाळलेल्या अन्नात नत्र असतंच. विचारायचं ते कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे कार्बनचं नायट्रोजनशी असलेलं प्रमाण. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये ते 20 पेक्षा कमी हवं. आयएसओ प्रमाणपत्र कंपनीच्या कारभाराचं असतं, त्यावरून खत पिकलंय की नाही हे कळत नाही.

दोन चाचण्या घरीच होतात. मूठभर भुगा लाडू वळेल इतका ओला करून झिपच्या पिशवीत चार दिवस बंद ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा भपकारा आला तर माल कच्चा. दुसरी चाचणी हळिवाची, बाळंतिणीच्या लाडवात घालतात त्याच. एक भाग भुगा दहा भाग पाण्यात कालवून गाळा. या पाण्याने भिजवलेल्या टिश्यूवर 20 दाणे आणि साध्या पाण्याच्या टिश्यूवर 20 दाणे ठेवा. चौथ्या दिवशी मोड आणि मुळांची लांबी मोजा. भुग्याच्या पाण्यावरचे मोड साध्या पाण्याच्या 80 टक्क्यांहून कमी असले तर ते झाडांना घालू नका.

करारात दोन गोष्टी लिहून घ्याच: यंत्राला स्वतंत्र सबमीटर, आणि तीन महिन्यांनी या चाचण्या पार पडेपर्यंत 25 टक्के रक्कम रोखून ठेवण्याचा हक्क. डेमोला कचरा तुमच्याच इमारतीचा असावा, तुमच्यासमोर वजन केलेला. विक्रेता मंडईतली पालेभाजी घेऊन आला तर परत पाठवा.

यंत्र आधीच घेऊन बसला असाल तर भुगा फेकू नका. घमेलंभर भुग्याला दोन घमेली चुरलेला सुका पाला मिसळा, पिळल्यावर दोन-चार थेंब पडतील इतकं पाणी शिंपडा, जाळीच्या क्रेटमध्ये भरा आणि दर तीन दिवसांनी उलथा. नुसता भुगा भिजवला तर तो चिखलासारखा बसतो आणि हवा शिरत नाही, म्हणून पाला हवाच. सहा आठवड्यांनी हळिवाची चाचणी पुन्हा लावा.