इफेसस की पर्गामन? इझमिरला एकच दिवस मिळणार असेल तर

तुर्कस्तानच्या सहलीत इस्तंबूल आणि कापादोक्या झाल्यावर इझमिरच्या वाट्याला बहुतेकांकडे एखादाच मोकळा दिवस उरतो, आणि मग प्रश्न पडतो की तो कुठे घालवायचा. इझमिरच्या दक्षिणेला सेल्चुक गावाजवळ इफेसस हे प्राचीन शहर आहे, उत्तरेला बेर्गामा गावाच्या डोक्यावर पर्गामन. दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, पर्गामन २०१४ पासून आणि इफेसस २०१५ पासून. काही टूरवाले दोन्ही एकाच दिवशी ‘करून’ देतात. तो बेत मुळीच घेऊ नका. दोन्ही गावं इझमिरच्या विरुद्ध दिशांना आहेत. निम्मा दिवस गाडीत जातो आणि उरलेल्या वेळात घड्याळाकडे बघत पळावं लागतं.

माझं मत आधीच सांगते. पहिल्यांदा जात असाल, सोबत आई-बाबा किंवा लहान मुलं असतील, तर इफेसस. प्राचीन इतिहासाची थोडी तयारी असेल, चढ-उताराचं वावडं नसेल आणि गर्दीत जीव रमत नसेल, तर पर्गामन. पण दोन्हीकडे संग्रहालयाचा मुद्दा असा आहे की त्यावरून निर्णय फिरू शकतो, म्हणून तो नीट समजून घ्या.

इफेसस: रस्त्यांवरून चालायचं शहर

इफेससमध्ये एक अख्खं रोमन शहर रस्त्यासकट उभं आहे. वरच्या दरवाजाने आत शिरलात तर सगळी वाट उताराची. नगरसभेचं छोटं ओडिऑन (थिएटरसारखं सभागृह), मग कुरेटिस मार्गावरून खाली येताना रोमन सम्राट हेड्रियनचं मंदिर, सार्वजनिक शौचालयांची दगडी बाकं, आणि रस्ता संपतो तिथे समोर सेल्ससचं ग्रंथालय. सेल्चुकहून येणारी डोल्मुश (शेअर मिनीबस) मात्र खालच्या दरवाजाशी सोडते. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर टॅक्सी करून वरच्या दरवाजाशी उतरा, तेवढे पैसे वसूल होतात. संगमरवरी फरशी शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झाली आहे, त्यामुळे चांगल्या पकडीचे बूट हवेत.

ग्रंथालयासमोर सगळे फोटो काढतात आणि पुढे जातात. तिथे जरा थांबा. हे ग्रंथालय म्हणजे एक समाधीसुद्धा आहे. रोमन अधिकारी सेल्सस याच्या मुलाने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ते वडिलांच्या स्मरणार्थ बांधायला घेतलं आणि वडिलांची शवपेटी इमारतीच्या खालच्या दालनात ठेवली. आज दिसणारा दर्शनी भाग ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी १९७० च्या दशकात पडलेले दगड जुळवून पुन्हा उभा केला. त्याच्याकडे सरळ समोरून बघा. मधले खांब कडेच्या खांबांपेक्षा थोडे मोठे आहेत आणि खालचा चौथरा मध्यभागी किंचित उंच. दोन्ही बाजूंना इतर इमारती दाटलेल्या होत्या, त्या अडचणीच्या जागेत ही इमारत रुंद भासावी म्हणून केलेली ही करामत. कोनाड्यांतल्या चार स्त्रीमूर्ती ज्ञान, सद्गुण वगैरेंच्या आहेत, पण त्या प्रतिकृती. मूळ मूर्ती व्हिएन्नाला आहेत.

टेकडीच्या उतारावर, छपराखाली, टेरेस हाउसेस आहेत. वेगळं तिकीट काढावं लागतं म्हणून बरेच जण ती टाळतात, आणि इफेससमध्ये होणारी सगळ्यात मोठी चूक तीच. बाहेर सगळा सार्वजनिक थाट आहे. देवळं, कारंजी, पुतळे. श्रीमंत माणसं घरात कशी राहत होती ते फक्त इथे कळतं. जमिनीवर मोझेक, भिंतींवर रंगीत चित्रं, जमिनीखालून गरम हवा खेळवायची सोय. भिंतींवर त्या काळच्या लोकांनी खरडलेल्या रेघोट्याही आहेत, त्यात ग्लॅडिएटर आहेत आणि खर्चाचे हिशेबही. तिसऱ्या शतकातल्या भूकंपात ही घरं ढासळली आणि ढिगाऱ्याखाली झाकली गेली, म्हणून इतकी टिकली. संगमरवराच्या तुकड्यांनी भरलेली टेबलं दिसतील. त्या हजारो तुकड्यांतून भिंतींची सजावट जुळवण्याचं काम तिथे चाललेलं असतं.

पुढे मोठं थिएटर आहे, सुमारे २४,००० माणसं बसतील एवढं. बायबलच्या नव्या करारात ग्रीक देवी आर्टेमिसच्या चांदीच्या देव्हाऱ्यांचा धंदा करणाऱ्या सोनारांनी संत पॉलच्या विरोधात दंगल केल्याची हकिकत आहे, ती इथलीच. थिएटरातून सरळ खाली जाणारा रस्ता बंदराकडे जायचा. आता तिथे बंदर नाही. कुचुक मेंदेरेस नदीच्या गाळाने ते बुजलं आणि समुद्र पाचेक किलोमीटर मागे हटला. हे शहर ओस पडण्याचं मोठं कारण तो गाळच.

आर्टेमिसच्या मंदिराबद्दल मात्र अपेक्षा खाली ठेवा. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक म्हणून लोक जातात आणि दलदलीच्या मैदानात तुकडे रचून उभा केलेला एकच खांब पाहतात. दहा मिनिटं पुरे. मदर मेरीचं घर म्हणून दाखवतात ते ठिकाण श्रद्धा असेल तर जरूर बघा, इतिहासासाठी नको. त्यापेक्षा सेल्चुकमधल्या आयासुलुक टेकडीवरचे संत जॉनच्या बासिलिकाचे (मोठ्या चर्चचे) अवशेष आणि तिच्या पायथ्याशी असलेली १३७५ ची इसा बे मशीद यांना वेळ द्या.

सेल्चुकचं संग्रहालय वगळू नका

इफेससच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा हा की उत्खननातल्या खूप वस्तू गावातच आहेत. हेड्रियनच्या मंदिरावर पाहिलेल्या शिल्पपट्ट्या नकला होत्या, अस्सल इथे आहेत. टेरेस हाउसमधल्या भिंतीवरचं सॉक्रेटिसचं चित्र इथे आहे, आणि डॉल्फिनवर बसलेला छोटासा ब्राँझचा प्रेमदेव इरॉसही. पण जायचं ते आर्टेमिसच्या दोन मूर्तींसाठी.

दोन्ही मूर्ती १९५६ मध्ये प्रिटानेऑनमध्ये, म्हणजे शहराचा पवित्र अग्नी जिथे तेवत असे त्या इमारतीत, सापडल्या. मोठीची उंची तीन मीटरच्या जवळपास. ग्रीक शिल्पांतली धनुष्यबाण घेतलेली चपळ शिकारी आर्टेमिस डोक्यात ठेवून गेलात तर ओळखूही येणार नाही. ही ताठ, समोर बघणारी, अनातोलियातल्या जुन्या मातृदेवतेच्या वळणाची. चिकटून नेसलेल्या घागऱ्यावर चौकटी, आणि प्रत्येक चौकटीतून सिंह, बैल, हरणं, मधमाश्या बाहेर डोकावतात. छातीवर गोल लोंबणाऱ्या आकारांच्या ओळी आहेत. कोणी त्यांना स्तन म्हणतं, कोणी अंडी, कोणी बळी दिलेल्या बैलांचे वृषण. अभ्यासकांचं अजून एकमत नाही. देवीची रूपं मिसळत, बदलत जातात हे आपल्याला नवीन नाही, म्हणूनच असेल, पण या मूर्तींसमोरून माझा पाय निघत नाही. आणि मैदानातला तो एकटा खांब पाहून झालेली निराशा इथे आल्यावर विरते. संग्रहालय शेवटी ठेवा, अवशेष पाहून मग.

पर्गामन: डोंगरावरची राजधानी

आपल्या गिरिदुर्गांवर फिरलेल्या माणसाला पर्गामन लगेच उमगतं. सपाट खोऱ्यातून एकदम उठलेला, समुद्रसपाटीपासून ३३० मीटरच्या आसपास उंच डोंगर, आणि राजाने तोच का निवडला हे वर उभं राहिल्यावर दिसतं. वर जायला रोपवे आहे. पण वर पोहोचल्यावरही चढ, पायऱ्या, ओबडधोबड दगड आहेतच, तेव्हा गुडघ्यांचा विचार करून ठरवा.

इफेससमध्ये दिसतो तो मुख्यतः रोमन काळ. पर्गामन त्याआधीचं आहे, अलेक्झांडरनंतरच्या अॅटलिड राजांचं. युमेनीस दुसरा याच्या काळात (इ.स.पू. १९७ ते १५९) त्याचा सुवर्णकाळ झाला. शेवटचा राजा अॅटलस तिसरा इ.स.पू. १३३ मध्ये वारला, तेव्हा त्याने मृत्युपत्रात सगळं राज्यच रोमला देऊन टाकलेलं निघालं.

वरचं थिएटर या प्रवासातलं सगळ्यात थरारक ठिकाण. सुमारे १०,००० जणांच्या दगडी रांगा डोंगराच्या कड्यावर इतक्या उभ्या चढवल्या आहेत की वरच्या टोकाला उभं राहिल्यावर खोरं पायाखाली वाटतं. खाली उतरलात तर रंगमंचाच्या जागेवरची फरशी बघा. तिच्यात चौकोनी खाचा आहेत. रंगमंच लाकडी होता, प्रयोगापुरते खांब या खाचांत रोवायचे आणि नंतर काढून घ्यायचे, कारण त्याच गच्चीवरून मद्याचा देव डायोनिसस याच्या देवळाकडे वाट जात होती. एवढ्या उंचीवर पाणी कसं आलं हा प्रश्न पडेलच. चाळीसेक किलोमीटरवरच्या मद्रा डोंगरातून नळाने आणून, मधलं खोरं ओलांडून, निव्वळ दाबाच्या जोरावर ते वर चढवलं होतं.

आता पर्गामनची मोठी उणीव. इथली सर्वश्रेष्ठ वस्तू इथे नाही. देव आणि राक्षसी जायंट यांच्या युद्धाची शिल्पं असलेली महावेदी कार्ल हुमान या जर्मन अभियंत्याच्या उत्खननात १८७८ पासून निघाली आणि बर्लिनला गेली. डोंगरावर उरल्या आहेत चौथऱ्याच्या पायऱ्या आणि त्यावर वाढलेली पाइनची झाडं. जवळच हुमानची कबर आहे. बेर्गामाच्या संग्रहालयात वेदीचं छोटं मॉडेल ठेवलं आहे, ते पाहताना बरं वाटत नाही. संग्रहालय छोटं आणि नीटनेटकं आहे. धरणाखाली गेलेल्या आलियानोई या प्राचीन स्नानतीर्थातून आणलेली अप्सरेची मूर्ती तिथली सगळ्यात देखणी. पण सेल्चुकच्या संग्रहालयाशी त्याची बरोबरी नाही. संग्रहालयच हवं असेल तर निर्णय इथेच होतो.

त्याची भरपाई करतं ते गावाच्या दुसऱ्या टोकाचं अॅस्क्लेपिऑन, वैद्यकाच्या देवाचं आरोग्यधाम. थोर वैद्य गॅलेन याच शहरात इ.स. १२९ च्या सुमारास जन्मला आणि सुरुवातीला इथल्या ग्लॅडिएटरांवर उपचार करत होता. रुग्णाने इथे झोपायचं, स्वप्नात देव काय सांगतो ते पुजाऱ्यांना सांगायचं आणि त्यावरून औषध, स्नान, व्यायाम ठरायचा. पवित्र झरा, छोटं थिएटर आणि जमिनीखालचा लांब बोगदा आजही आहे. बोगद्याच्या छताला झरोके आहेत, भर दुपारीही आत गारवा असतो. ‘उपचार’ या शब्दात किती गोष्टी मावू शकतात, हे इथे फिरताना जाणवतं. शेजारी लष्करी हद्द आहे, तिकडे कॅमेरा रोखू नका. गावातला किझिल अव्लू, म्हणजे इजिप्तच्या देवांसाठी बांधलेलं लाल विटांचं प्रचंड मंदिर, वाटेत लागतो. त्याच्या आवाराखालून नदी दोन बोगद्यांतून वाहते.

खर्च, गर्दी, प्रवास

इफेससचं तिकीट पर्गामनपेक्षा बरंच महाग आहे. परदेशी पर्यटकांचे दर युरोत ठरतात आणि बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी अधिकृत साइटवर बघा. अनेक ठिकाणं करणार असाल तर म्यूझियम पासचा हिशेब जरूर मांडा.

सेल्चुकला इझमिरच्या बासमाने स्टेशनहून थेट रेल्वे आहे, वाटेत विमानतळही लागतो. स्वतःच्या स्वतः जाणाऱ्यांना हे फार सोयीचं. बेर्गामाला बसनेच, दोनेक तास, किंवा अलियागापर्यंत लोकल आणि पुढे बस. तिथे डोंगर, गाव आणि अॅस्क्लेपिऑन यांत अंतर असल्याने टॅक्सी लागतेच.

इफेससला कुशादासी बंदरात क्रूझ लागलेली असेल त्या सकाळी ग्रंथालयासमोर उभं राहायला जागा मिळत नाही. दरवाजे उघडताच आत शिरा किंवा दुपारी तीननंतर जा. पर्गामनला ही अडचण क्वचितच येते. उन्हाळा दोन्हीकडे कडक, सावली कमी. एप्रिल, मे किंवा ऑक्टोबर उत्तम. शाकाहारींनी दोन्ही गावांत मसूर डाळीचं सूप, पालक किंवा चीज भरलेलं गोझलेमे आणि ऑलिव्ह तेलातल्या वांग्याच्या भाज्या मागाव्यात, पोट छान भरतं.

दोन दिवस काढता आले तर पर्गामन आधी करा. बेर्गामाला मुक्काम, सकाळी लवकर डोंगर, ऊन चढल्यावर अॅस्क्लेपिऑनचा बोगदा, आणि दुसऱ्या दिवशी सेल्चुक. ग्रीक राजांची राजधानी आधी आणि रोमन शहर नंतर पाहिलं की रोमने काय उचललं आणि काय नवं आणलं ते डोळ्यांदेखत कळतं. उलट क्रमाने गेलात तर सेल्ससच्या ग्रंथालयानंतर पर्गामनच्या ग्रंथालयाची उरलेली जोती पाहून विनाकारण हिरमोड होईल.

महावेदी पाहण्यासाठी पुढे बर्लिन गाठायचा विचार असेल तर घाई करू नका. तिथलं पर्गामन संग्रहालय ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, आणि वेदीचं दालन २०२७ मध्ये उघडायचं त्यांचं नियोजन आहे.