काळी चार

अकरा वर्षं मी गायन पार्टीत कोरसला होते. एप्रिल लागला की जिंतूर, सेलू, पाथरी, नुसत्या भीमजयंतीच्या सुपाऱ्या. भीमगीतं लिहिणाऱ्या वामनदादा कर्डकांची गाणी तोंडपाठ. पण पेटी वाजायची पार्टीवाल्या भाऊंच्या काळी दोनमध्ये, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून. वर गेलं की माझा घसा ताणायचा, खाली आलं की शब्द माइकपर्यंत पोचायचा नाही. मला वाटायचं, आपला आवाजच कमी पडतो. स्वतःची गाणी लिहायचे अन् वहीतच ठेवायचे.

शेवटी स्वतःची पेटी घ्यायला नांदेडला वजिराबादेतल्या पेटीदुरुस्तीच्या दुकानात गेले. स्केलचेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी पेटी, घ्यायचा म्हणून तीस हजार जमवले होते. दुकानवाल्या मामांनी आधी मला गायला लावलं. आजीच्या कोयत्यावरचं माझं गाणं म्हटलं. ते एकेक पट्टी दाबत गेले, काळी चारवर थांबले.

"ताई, तुमचा सा इथं हाय. यष्टीनं फिरता, स्केलचेंजर जड पडंल. बिघडला तर गावात कोण उघडणार? साधी घ्या, अन् काळी चारवरून बोटं बसवा."

जुनी, खर्ज-नर (खालच्या अन् मधल्या) सुरांची पेटी साडेनऊ हजारांत दिली. हातात तीस हजार असलेल्या गिऱ्हाइकाला असं सांगणारं दुकान मी दुसरं पाहिलं नाही. पितळी सूर (पेटीतली वाजणारी पत्ती) टोकाशी घासला की चढतो, बुडाशी घासला की उतरतो, हेही समोर करून दाखवलं. भात्याचं चामडं नवं घातलं. एकदा भरला की ओळ संपेस्तोवर हवा टिकते.

उशीर मात्र फार. आठ दिवस म्हणाले, वीस लागले. माझ्या दोन खेपा वाया गेल्या. जयंतीच्या सीझनमध्ये पेटी देऊ नका. झाकणाची कडीही ढिली आहे.

बोटं बसायला चार महिने लागले. वामनदादा अक्षरं शिकले ते मोठेपणीच, हे रियाजाला बसताना रोज आठवायचं. १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं, बाबासाहेबांचं नाव लागलं, तेव्हा मी दुसरीत होते. यंदा नामांतरदिनी, १४ जानेवारीला, विद्यापीठाच्या गेटसमोर त्याच पेटीवर आजीचं गाणं गायले, काळी चारमध्ये. दुसऱ्या कडव्याला समोरच्या बाया टाळी धरू लागल्या. वहीत अजून एकवीस गाणी आहेत.

जाताना जाड चादर अन् दोरी न्या. दुकानात खोकं मिळत नाही.