निळ्या खिडक्यांचं घर: आहेराचे पैसे कुठे गेले

लग्नानंतर चौथ्या दिवशी नाशिकला आईकडे बसून आम्ही आहेराची पाकिटं फोडली. आई वहीत नावं लिहीत होती, मी आकडे सांगत होते. पाचशे एक, हजार एक, पाकिटावरच चिकटवलेलं रुपयाचं नाणं. निफाडच्या आत्याचं पाकीट जाड होतं, कारण तिने सगळ्या शंभराच्या नोटा घातल्या होत्या. बेरीज झाली १ लाख ८४ हजार. आई म्हणाली, सोनं घे. आम्ही दोघांनी मात्र हे पैसे फ्रान्सच्या प्रवासासाठी बाजूला ठेवले. त्यातले १ लाख ६० हजार एका अशा घराच्या भाड्यापोटी गेले, जे त्या गावात कधीच नव्हतं. हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण पुढच्या मोसमासाठी माझ्या ओळखीतलीच दोन जोडपी अशीच घरं शोधतायत.

आम्हाला पॅरिसमध्ये दोनच दिवस राहायचं होतं. खरी ओढ होती दक्षिणेकडच्या प्रोव्हान्सची. ल्युबरों डोंगररांगेच्या आसपासची गोर्द, रुसियोंसारखी गावं, आप्त गावचा शनिवारचा बाजार, आणि ११४८ साली स्थापन झालेल्या सेनांकच्या मठासमोरचे लॅव्हेंडरचे ताटवे. लॅव्हेंडर तिथे साधारण जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत भरात असतं, म्हणून जूनचा शेवटचा शनिवार ते जुलैचा पहिला शनिवार असा आठवडा धरला. त्या मोसमात खेड्यातली घरं बहुधा शनिवार ते शनिवारच मिळतात. अशा घराला तिथे 'जीत' म्हणतात. स्वयंपाकघरासकट अख्खं घर आपल्या ताब्यात. रोज हॉटेलचं जेवण नको, सकाळी आपल्या हाताने चहा करून अंगणात बसू, एवढीच आमची कल्पना होती.

मार्चमध्ये एका मोठ्या, सगळ्यांना माहीत असलेल्या बुकिंग संकेतस्थळावर घर दिसलं. दगडी भिंती, निळ्या रंगाच्या लाकडी खिडक्या, अंगणात एक मोठं झाड आणि त्याखाली लोखंडी टेबल. आठवड्याचं भाडं १,४५० युरो. त्याच आठवड्यात आजूबाजूची तशी घरं दीडपट-दुप्पट भावाला होती. हा फरक आम्हाला दिसला होता. आपण लवकर शोधायला लागलो म्हणून मिळालं, असं आम्ही धरून चाललो.

घराचे अकरा फोटो होते. पाचव्या फोटोत स्वयंपाकघरातल्या भिंतीवर एक काळी पाटी होती आणि तिच्यावर खडूने एक ईमेल पत्ता लिहिलेला होता. संकेतस्थळावरच्या निरोपात कोणी फोन नंबर किंवा ईमेल टाकला तर तो आपोआप झाकला जातो. फोटोतलं अक्षर झाकलं जात नाही. हे मला आज कळतं. तेव्हा ती पाटी मला गोड वाटली होती. आम्ही संकेतस्थळावरूनच तारखा विचारल्या. उत्तर आलं की इथलं कॅलेंडर नीट चालत नाही, फोटोतल्या पत्त्यावर लिहा.

पुढचा सगळा पत्रव्यवहार इतका सभ्य होता की त्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. घराची मालकीण स्वतःला निवृत्त शिक्षिका म्हणवत होती. आमचं नवीन लग्न झालंय कळल्यावर तिने अभिनंदन केलं, लग्नाचा फोटो मागितला, साडीचं कौतुक केलं. जवळची बेकरी किती वाजता उघडते, उन्हात दुपारी फिरू नका, मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा सुटला तर खिडक्या लावून घ्या, असं बारीकसारीक सांगत राहिली. पैशाचा विषय तिने काढलाच नाही, आम्हीच काढला. मग म्हणाली, संकेतस्थळाचं कमिशन वाचतंय तर तुम्हाला १,१५० मध्ये देते. निम्मे आत्ता, निम्मे नंतर, आणि मोडतोडीसाठी ५०० युरो अनामत, जी निघताना परत.

आम्ही डोळे मिटून पैसे पाठवले नाहीत. नवऱ्याने करार मागितला, चार पानी करार आला. ओळखपत्र मागितलं, तर फ्रेंच पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो आला. बदल्यात तिने आमच्या दोघांच्या पासपोर्टच्या प्रती मागितल्या, करारात नावं घालायची म्हणून. त्या आम्ही दिल्या. बँकेचे तपशील आले तेव्हा खातं स्पेनमधलं निघालं. फ्रान्समधल्या खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, एफआर या अक्षरांनी सुरू होतो आणि २७ अक्षरांचा असतो. हा ईएसने सुरू होत होता. आम्ही विचारलं, तर म्हणाली की हिवाळा मी स्पेनमध्ये मुलीकडे काढते, खातं तिच्या नावावर आहे. पटलं. आपल्याकडेही कितीतरी म्हाताऱ्या माणसांचे व्यवहार मुलीच्या खात्यातून होतातच की.

चूक नेमकी इथे झाली. शंका आम्हाला प्रत्येक टप्प्यावर आली होती, आणि प्रत्येक शंका आम्ही तिलाच विचारली. घर खरं आहे का, हे तिला विचारलं. खातं दुसऱ्याचं का, हेही तिलाच. तिच्याकडे उत्तर तयार असायचं आणि उत्तर मिळालं की आम्हाला वाटायचं, चला, चौकशी झाली.

बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरला, कारण म्हणून प्रवास लिहिलं, करार जोडला. काउंटरवरच्या बाईंनी कागद बघून शिक्का मारला. त्यांचा काही दोष नाही. परदेशी पैसे पाठवण्याचे नियम पाळले जातायत ना, एवढंच तिथे बघतात. समोरचा माणूस खरा आहे का, हे बघणं त्यांचं काम नाही. मार्चअखेर ५७५ युरो गेले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात उरलेले ५७५ आणि अनामतीचे ५०० असे १,०७५ गेले. अनामत इतक्या आधी का, असं विचारल्यावर ती म्हणाली होती की गेल्या वर्षी एक जोडपं आयत्या वेळी आलंच नाही.

मे महिन्यात व्हिसाची तारीख मिळाली. शेंगेन व्हिसाला मुक्कामाचा पुरावा लागतो, म्हणून फाइलमध्ये तो करार लावायचा होता. पुण्याला माझी एक मैत्रीण फ्रेंच शिकवते. करारातला एखादा शब्द चुकीचा असेल तर बघून दे, म्हणून मी तिला करार आणि सोबत घराचे फोटो पाठवले. अर्ध्या तासात तिचा फोन आला.

"अगं, हे घर प्रोव्हान्समधलं नाही."

ती पूर्वी वर्षभर फ्रान्सच्या नैऋत्येला, दोर्दोन्य भागात राहिली होती. तिने मला छपराकडे बघायला सांगितलं. प्रोव्हान्समध्ये छपरं कमी उताराची असतात आणि त्यांवर अर्धगोल, पन्हाळीसारखी तांबूस कौलं असतात. फोटोतलं छप्पर एकदम उभं, उंच, त्यावर चपटी तपकिरी कौलं. तशी छपरं तिने तिकडे रोज बघितली होती. अंगणातलं मोठं झाड अक्रोडाचं आहे, तेही तिनेच दाखवलं. दोर्दोन्यच्या बाजूला अक्रोडाच्या बागाच बागा आहेत. मी तो फोटो निदान शंभर वेळा बघितला होता. मोबाइलवर लॉक स्क्रीनला लावला होता.

करारातही गडबड होती. आगाऊ रकमेला पहिल्या पानावर 'आर' म्हटलं होतं आणि तिसऱ्या पानावर 'आकोंत'. फ्रेंच कायद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'आर' असेल तर भाडेकरूने माघार घेतल्यावर रक्कम बुडते आणि मालकाने माघार घेतली तर त्याला दुप्पट परत करावी लागते. 'आकोंत' दिला की दोघंही व्यवहाराला बांधले जातात. एकाच करारात दोन्ही शब्द कोणी जाणता माणूस घालणार नाही.

मग मैत्रिणीने जे केलं ते आम्ही मार्चमध्येच करायला हवं होतं. फ्रान्समध्ये अगदी लहान गावालासुद्धा आपलं नगरकार्यालय असतं, त्याला 'मेरी' म्हणतात. मालक स्वतः ज्यात राहत नाही असं घर पर्यटकांना भाड्याने द्यायचं तर त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. मेरीचा ईमेल गावाच्या अधिकृत पानावर असतो. तिने चार ओळी लिहिल्या: अमुक रस्ता, अमुक नंबर, असं घर आपल्याकडे आहे का? दोन दिवसांनी उत्तर आलं. या नावाचा रस्ता आमच्या गावात नाही. इतकंच, आणि खाली शुभेच्छा.

त्या रात्री आम्ही 'मालकिणी'ला काही कळू न देता व्हॉट्सॲपवर फक्त विचारलं की किल्ली कुठे मिळेल. निरोपाला दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. सकाळी तिचा फोटो दिसेनासा झाला होता.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात गेलो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची नोंद झाली. तिथल्या अधिकाऱ्याने चांगलं वागवलं आणि स्पष्ट सांगितलं की पैसे देशाबाहेर गेले आणि तीन आठवडे उलटले की हाती फार काही राहत नाही. बँकेने पैसे परत मागवण्याचा निरोप स्पेनच्या बँकेला पाठवला. एकदा खात्यात जमा झालेली रक्कम खातेदाराच्या संमतीशिवाय सहसा परत येत नाही. महिन्याने उत्तर आलं की खात्यात शिल्लक नाही. हेच पैसे संकेतस्थळावरून क्रेडिट कार्डाने भरले असते तर कार्डाच्या बँकेकडे दाद मागता आली असती. ऑक्टोबर २०२५ पासून युरो चलनाच्या देशांमध्ये आपसात पैसे पाठवताना नाव आणि आयबॅन जुळतात का, हे बँक आधी तपासून सांगते. भारतातून पाठवलेल्या पैशांना ती सोय नाही, त्यामुळे आपल्या बाजूने धोका तसाच आहे.

आणखी एक. तक्रारीनंतर पंधरवड्यात एका माणसाचा निरोप आला की मी युरोपातले बुडालेले पैसे सोडवून देतो, आधी १२ हजार भरा. आमची फसवणूक झाल्याचं त्याला कुठून कळलं, देव जाणे. नवरा तेव्हा इतका खचला होता की भरायला निघाला होता. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

तो खोटा करार व्हिसाच्या फाइलमध्ये गेला नाही, ही मैत्रिणीची कृपा. खोटा कागद आमच्या सहीनिशी वकिलातीत गेला असता तर नंतरचे व्हिसासुद्धा अडचणीत आले असते. आम्ही तारखा कमी केल्या आणि एका कुटुंबाच्या राहत्या घरातली पाहुण्यांची खोली घेतली. या वेळी आधी त्या गावच्या मेरीला लिहिलं, मग संकेतस्थळावरूनच कार्डाने पैसे भरले. लॅव्हेंडर बघितलं. सेनांकला मठासमोर उभे असताना नवरा बराच वेळ गप्प होता.

आत्याला अजून सांगितलेलं नाही. आईला सांगितलं. ती काही बोलली नाही, वही उघडून बसली आणि परत मिटवली.

पैशांपेक्षा एक गोष्ट मला जास्त छळते. आम्हाला आलेला तो फ्रेंच पासपोर्ट आमच्यासारख्याच कुणा फसलेल्या बाईचा असणार. आता आमच्या दोघांच्या पासपोर्टची पहिली पानं त्या लोकांकडे आहेत. पासपोर्ट कार्यालयात आणि पोलिसांकडे तसं लेखी कळवलंय. तरी उद्या कुणाला गोव्यातला बंगला किंवा महाबळेश्वरचं घर भाड्याने द्यायच्या नावाखाली तरुण मराठी जोडप्याचे पासपोर्ट पाठवले गेले, तर ते आमचे असू शकतात. ते घर आमचं नाही.