व्हेराक्रिप्ट: संशयाच्या वारशातून आलेले कुलूप

व्हेराक्रिप्ट हे डिस्कवरील मजकूर पासवर्डने कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारे सॉफ्टवेअर आहे. ते ज्या ट्रूक्रिप्ट या जुन्या प्रोग्रामच्या कोडवर उभे आहे, त्याच्या निनावी निर्मात्यांनी २८ मे २०१४ रोजी, हा प्रोग्राम सुरक्षित नाही, त्यात दुरुस्त न झालेल्या त्रुटी असू शकतात, असे सांगून काम थांबवले. ट्रूक्रिप्टमध्ये चोरदरवाजा, म्हणजे मुद्दाम ठेवलेली गुप्त वाट, असावा ही शंका मात्र त्याआधीपासूनच होती. विंडोज आवृत्तीत हेडरमधील (एन्क्रिप्ट केलेल्या साठ्याच्या सुरुवातीच्या भागातील) शेवटचे ६५,०२४ बाइट यादृच्छिक दिसत आणि तिथे मजकूर उलगडणाऱ्या किल्लीची प्रत लपवली आहे की काय, हे वापरणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. सोर्स कोड खुला असला, तरी डाउनलोड केलेला प्रोग्राम त्याच कोडमधून तयार झाला आहे याचा पुरावा लागतोच. तो २०१३ मध्ये काँकॉर्डिया विद्यापीठातील एका संशोधकाने कोड स्वतः कंपाइल करून, म्हणजे त्यातून प्रोग्राम तयार करून, दिला. एप्रिल २०१५ मध्ये एनसीसी ग्रुप या सुरक्षा कंपनीच्या तपासणीतही हेतुपुरस्सर ठेवलेला चोरदरवाजा आढळला नाही.

मात्र चोरदरवाजा नसणे आणि दोष नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुगलच्या जेम्स फोरशॉ यांनी ट्रूक्रिप्टच्या विंडोज ड्रायव्हरमधील दोन त्रुटी उघड केल्या. त्यांमुळे डिस्कवरील मजकूर आपोआप उलगडत नव्हता, पण साध्या खात्यातून प्रशासकाचे अधिकार मिळवता येत होते. व्हेराक्रिप्टने १.१५ आवृत्तीत त्या बुजवल्या. पुढे २०१६ मध्ये क्वार्क्सलॅब या सुरक्षा कंपनीने केलेल्या व्हेराक्रिप्टच्या तपासणीत ८ गंभीर त्रुटी सापडल्या, त्यांतील बहुतेक १.१९ मध्ये दुरुस्त झाल्या आणि जी.ओ.एस.टी. हा सायफर (मजकूर गुप्त करण्याची पद्धत) नव्या व्हॉल्यूमसाठी, म्हणजे नव्या कुलूपबंद साठ्यांसाठी, बंद झाला. माझ्या दृष्टीने हा अहवाल सगळ्यांसमोर येणे हीच या सॉफ्टवेअरची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. दोष लपवून विश्वास मागणाऱ्या उत्पादनावर मी माझी कागदपत्रे सोपवणार नाही.

वापराविषयी सांगायचे, तर व्हॉल्यूम उघडायला वेळ लागतो. ट्रूक्रिप्ट पासवर्डपासून किल्ली बनवताना गणिताच्या जास्तीत जास्त २,००० फेऱ्या करत असे. व्हेराक्रिप्ट साध्या व्हॉल्यूमसाठी ५,००,००० करते, त्यामुळे पासवर्ड अंदाजाने शोधणाऱ्यालाही तितकाच भुर्दंड पडतो. पासवर्ड देताना हॅश अल्गोरिदम (किल्ली बनवताना वापरलेली गणिती पद्धत) निवडून दिल्यास ही प्रतीक्षा बरीच कमी होते.

एक तक्रार मात्र आहे. व्हॉल्यूम उघडा असेपर्यंत किल्ली रॅममध्ये असते आणि वीज तोडल्यावरही ती थोडा वेळ तिथून वाचता येते, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्येच दाखवले होते. रॅममधील किल्ल्या एन्क्रिप्ट करण्याची सोय १.२४ आवृत्तीपासून विंडोजवर आहे, पण ती सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते. लॅपटॉप बंद न करता केवळ झाकण मिटून बॅगेत टाकणाऱ्यांना याची सूचना इन्स्टॉल करतानाच ठळकपणे मिळायला हवी.