मधुमालतीची वेल: सगळे ऋतू पाहून झाल्यावरचा अनुभव

मधुमालती लावल्यापासून सगळे ऋतू पाहून झाले, तेव्हा आता खात्रीने लिहिता येईल. फुलांवर मी बेहद्द खूश आहे. पण ही वेल लावताना सगळे फुलांचा विचार करतात, आणि आधी विचार करायला हवा तो आधाराचा.

सुरुवातीला ती वेल वाटतच नाही. झुडपासारखी बसून राहते आणि मग एकदम लांबच लांब फांद्या सोडते. तिला काकडीसारखे तणावे नसतात. पान गळतं, पण देठाचा खालचा भाग फांदीवरच राहतो, कडक होऊन काट्यासारखा बनतो आणि त्याच्या जोरावर वेल अडकत अडकत वर जाते. म्हणजे गुळगुळीत भिंतीवर ती आपली आपण चढणार नाही. फांद्या कोवळ्या असतानाच सुतळीने सैलसर बांधून वळण लावावं लागतं. पुढे खोड लाकडी होतं, पाला दाटतो आणि पावसात भिजला की त्याचं वजन विचारू नका. कामट्या, प्लास्टिकची जाळी इथे चालायची नाही. लोखंडी कमान किंवा पक्का मांडवच हवा. आणि छाटताना हातमोजे घाला, ते काटे चांगलेच ओरबाडतात.

आता फुलं! कळी संध्याकाळी उमलते ती पांढरी. दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल. कळ्या मागेपुढे उमलतात, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. फुलाची नळी बोटाएवढी लांब असते. रात्री लांब सोंडेचे पतंग तिच्यातल्या मधासाठी येतात, दिवसा मधमाश्यांची वर्दळ असते. सुगंध अंधार पडल्यावर चढतो. भर दुपारी वास घेऊन या वेलीबद्दल मत बनवू नये. बसायच्या जागेजवळ किंवा झोपायच्या खोलीच्या खिडकीपाशी लावली तर तिचं खरं सुख मिळतं.

रोज पाच-सहा तास थेट ऊन हवंच. सावलीत वेल वाढते, फुलत नाही. खत बेताने द्या, नत्र जास्त झालं की नुसती पानंच पानं. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरला की बिनधास्त छाटा. थंडीत पानं झडली तर घाबरू नका, ऊब वाढली की पुन्हा फुटते.

त्रास म्हणाल तर खाली फुलांचा सडा पडतो, आणि मुळांपासून दूरवर फुटवे निघतात. ते वेळच्या वेळी काढावे लागतात. मुळासकट निघालेला फुटवा मात्र फेकू नका, त्याचं छान रोप होतं.

छोट्या बाल्कनीसाठी मी ही वेल सुचवणार नाही. अंगणात मोकळी जागा असेल तर जरूर लावा. दुहेरी पाकळ्यांची जातही मिळते, तिचे घोस जास्त भरगच्च. मला विचाराल तर एकेरीच घ्या, रंग पालटताना तिच्यात फार स्वच्छ दिसतो.